पेशकाराच्या भारंभार जवारी

औराद, २७ ऑगस्ट १९५२

कचेरीच्या ओसरीवर ठेवलेलं पोतं अजून उभं राहत नाही. भिंतीला टेकवून ठेवावं तर थोड्या वेळानं घसरून खाली बसतं, एखाद्या दमलेल्या पक्षकारासारखं. तळाशी जी काही जवारी आहे ती तहसीलदारसाहेबांच्या घरची, माझ्या घरची आणि आमचा चपराशी मोईनुद्दीन याच्या घरची. बाकी गावानं पोत्याकडं एकदा बघायचं आणि रस्त्याच्या पलीकडून जायचं असं ठरवलेलं दिसतं.

चिंताकीच्या बाजूला यंदा पावसानं पाठ फिरवली. मूग-उडीद शेंगेत यायच्या आधी करपले. जवारी खुरटी का होईना जिवंत आहे, पण तिचा दाणा हाताशी यायला दिवाळी ओलांडायला हवी. तोवर तिथं रोज एक वेळ अंबील शिजावी, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना ती मिळावी, आणि त्यासाठीचं धान्य तालुक्यातल्या कचेऱ्यांनी, शाळेनं, पेठेनं मिळून जमवावं, असा साहेबांचा विचार. विचार चांगला आहे. साहेब वरंगलकडचे, वयानं तरुण, मनानं मऊ. त्यांनी ओसरीवर एक काळा फळा लावलाय. जो देईल त्याचं नाव आणि किती दिलं ते खडूनं मोठ्या अक्षरांत लिहायचं. नाव झळकलं की माणसाला हुरूप येतो, असं ते म्हणतात.

त्यांच्याकडं येत असेल. आमच्याकडं धान्यापुढं नाव लिहिलं की माणूस आधी कणगी लपवतो. लढाईच्या काळापासून लेव्ही चालू आहे. कुणाच्या घरात किती दाणा हे कचेरीनं लिहायचं आणि मग तोलून न्यायचं. राज्य बदललं, लेव्ही राहिली. आणि लिहिणारा हात पेशकाराचा, म्हणजे माझा. आज ज्यानं दान म्हणून शेरभर दिलं, त्याच्या घरी पोतंभर असणार असं आम्ही उद्या धरून चालू, हे लोकांना पक्कं ठाऊक आहे.

हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांचा हुरूप आहे तो राहू द्यावा.

३० ऑगस्ट

साहेबांच्या हुकुमावरून संतपूरला जाऊन आलो. श्रीपतराव तिथले मोठे कास्तकार. त्यांनी गाडीभर दिलं तर बाकीचे पायलीभर तरी देतील, असा अंदाज होता. त्यांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं, चिंताकीची सगळी हकीकत मान हलवत ऐकून घेतली. मग आवाज न चढवता म्हणाले, "लेव्हीत नेलं, ते राज्याचं म्हणून दिलं. आता धर्माचं म्हणून न्यायला आलाव. तराजू तोच, माणूसबी तोच. मी कामून द्यावं?"

मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. त्यांच्या कारभारीण कमलबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या, एवढंच.

परत निघताना मी गाडीत चढलो तेव्हा मागून कुणीतरी बैलांची कीव केली. हे मला नवं नाही. मी जाडा आहे, इथं लिहायला काय हरकत. आमच्या घराण्यात सगळेच असे, पाणी प्यालं तरी अंगी लागतं. एरवी मी हसून सोडून देतो. पण टंचाईच्या दिवसांत जाड्या माणसानं दारोदार जाऊन उपाशी लोकांसाठी धान्य मागायचं, हे बघणाऱ्याला कसं दिसत असेल? मला आरशात दिसतं तसंच.

२ सप्टेंबर

मारुतीच्या देवळात रामाचार्य पुराण सांगतात. काल श्रीकृष्णाच्या तुलेची कथा झाली. माझी बायको मालती ऐकून आली आणि वाढता वाढता मला विचारते, "तुमचं वजन किती भरंल हो?"

मी ताटावरून मान वर केली नाही. आता घरातसुद्धा हाच विषय. कशाला पाहिजे, असं मी विचारलं तर म्हणाली, सहजच.

आज दुपारी ती रेवणसिद्धप्पा आडत्यांच्या घरी गेली होती, त्यांच्या निलम्मांकडं. चटणी कुटायची होती म्हणे. संध्याकाळी आली ती मोठ्या खुशीत. चटणी मात्र घरात कुठं दिसली नाही.

५ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

बाजाराचा दिवस होता. साहेबांनी स्वतः पेठेत उभं राहून लोकांना विनंती करायचं ठरवलं. रेवणसिद्धप्पांच्या आडतीपुढं पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला असतो, तिथं आम्ही उभे राहिलो. साहेब उर्दूत बोलले, मी ते मराठीत सांगितलं, रेवणसिद्धप्पांनी कानडीत. लोकांनी तिन्ही भाषांत शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणीही जागचं हललं नाही.

तेवढ्यात रेवणसिद्धप्पा माझ्याकडं वळले. म्हणाले, "पेशकारसाहेब, तुम्ही बसा की पारड्यात. सरकारच्या पोत्यात घालायला लोकांला भ्या वाटायलंय. तुमच्या भारंभार घालायला काय भ्या?"

सगळा बाजार हसला. साहेबांना काही समजेना, तेव्हा मोईनुद्दीननं त्यांना दखनीत समजावून सांगितलं, तर साहेबही हसू लागले. नाही म्हणावं तर चारचौघांत तोंड पडतं. शेवटी मी चपला काढल्या, कोट मोईनुद्दीनच्या हाती दिला आणि पारड्यात मांडी घालून बसलो. (कोट अंगावर ठेवायला हवा होता. तेवढीच भर पडली असती. पण हे नंतर सुचलं.) साखळ्या कुरकुरल्या, माझं पारडं जमिनीला टेकलं, समोरचं माझ्या डोक्याच्या वर गेलं. बाजार पुन्हा हसला.

मग निलम्मा पुढं आल्या. समोरचं पारडं खाली ओढून धरायला दोन हमाल लागले, तेव्हा त्यात ठेवलेल्या पोत्यात त्यांनी पदराची गाठ सोडून जवारी ओतली. त्यांच्यामागं दुसरी बाई, तिच्यामागं तिसरी. ओळच लागली. बाजाराला येताना एवढ्या बायकांनी पदरात दाणे कामून बांधून आणले असतील, ते मला अजून उलगडलेलं नाही. बहुधा विकायला आणले असावेत.

ओळ चालली होती आणि माझा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडं गेला. कुणी किती घातलं एवढं तरी टिपून ठेवावं म्हणून मी पेन काढला. ओळ थबकली. पुढच्या बाईची ओंजळ पोत्याच्या तोंडाशी आली होती, ती तिथंच थांबली. रेवणसिद्धप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ते राहू द्या साहेब," ते हळूच म्हणाले. "पारड्यात बसलेला देव कुठं लिहून घेतो?"

पेन खिशात गेला. ओंजळ रिकामी झाली.

त्यानंतर बापेही आले. कुणी धोतराच्या सोग्यातून, कुणी टोपीतून, एकानं तर पागोट्याच्या टोकाला बांधून. जवारीत तूर पडली, तुरीत हरभरा पडला. सिद्धव्वाला (ही चिंताकीची बाई, अंबील शिजवण्यासाठी गावानं तिला नेमलंय) ते निवडत बसावं लागेल असं मनात आलं. उन्हं कलायच्या आधी काटा सरळ झाला आणि मी जमिनीपासून वर उचलला गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसत होते की आणखी काही, ते मी वरून ओळखू शकलो नाही.

घरी आलो तर मी सांगायच्या आधीच मालतीला सगळं ठाऊक. या गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

साहेबांनी फळा काढायला सांगितला. मोईनुद्दीननं तो शाळेला देऊन टाकला.

११ सप्टेंबर

धान्याच्या गाड्यांबरोबर चिंताकीला गेलो. देवळापुढं तीन धोंड्यांची चूल, तिच्यावर हंडा, आणि हंड्यापुढं सिद्धव्वा. सुकलेल्या चिंचेसारखी म्हातारी, पण पळी अशी फिरवते की थेंब इकडचा तिकडं होत नाही. पोरं वाट्या घेऊन भिंतीच्या सावलीत ओळीनं बसली होती, शाळेतही बसत नसतील इतकी गप. पहिली वाटी गेली, दुसरी गेली, आणि मग एकानं दुसऱ्याची टोपी ओढली. मारामारी सुरू झाली. मी रागवायला उठलो तर सिद्धव्वानं मला थांबवलं. राहू दे, म्हणाली, पंधरा-वीस दिवस झाले ह्यांची भांडणं ऐकून.

कुणीतरी तिला सांगितलं, पारड्यात बसले ते हेच. तिनं पळी ठेवली, माझ्याजवळ आली, माझा दंड दोन्ही हातांत धरून चाचपला आणि म्हणाली, "देवानं सढळ हातानं केलाय रे अप्पा तुला."

सगळे हसले. मीही हसलो. पण परतताना वाटभर ते मनात रुतत राहिलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. अशा बाईनं असं म्हटल्यावर माणसानं काय समजायचं?

आजपासून अर्धं जेवायचं. मालतीला सांगायचं नाही. भाकरी उचलून मागच्या दारी गाईला घालता येते.

१६ सप्टेंबर

पेठेत आणि कचेऱ्यांत जे चाललंय ते साहेबांच्या फळ्यावर मावलं नसतं.

शाळेत प्रत्येक वर्गानं एक मडकं मांडलंय. रोज मूठमूठ दाणे टाकायचे, आणि ज्या वर्गाचं मडकं आधी भरेल त्याला हेडमास्तरांनी एक दिवस गणित माफ केलंय. मडकी इतक्या वेगानं भरू लागली की हेडमास्तर घाबरले आणि त्यांनी रात्रीतून मोठी मडकी आणवली. मोटार स्टँडवर ड्रायव्हर मंडळींचा वेगळाच कायदा. जो उतारू शेरभर धान्य आणेल त्याला ड्रायव्हरशेजारची जागा. परवा उदगीरहून आलेल्या मोटारीत त्या जागेवर चौघं बसले होते. निलम्मांकडं दळायला येणारी बाई जात्यापाशी एक ओंजळ ठेवून जाते.

सगळ्यांत बहार पोलीस ठाण्यात. ठाण्याचे मुख्य अमीनसाहेब, त्यांनी हुकूम काढला की सकाळच्या कवायतीला जो उशिरा येईल त्यानं दंड म्हणून पायलीभर जवारी द्यायची. दोन दिवसांत शिपाई मुद्दाम उशिरा येऊ लागले. काल अमीनसाहेब स्वतःच उशिरा आले, खांद्यावर पोतं घेऊन.

कुठंच कुणी नाव लिहीत नाही. कचेरीतल्या माणसाला हे सोपं नाही. माझी बोटं वळवळतात. पण धान्य येतं.

तरी दिवाळीपर्यंत अंबील चालवायची तर एवढं पुरणार नाही. म्हणून दसऱ्याला माझी पुन्हा तुला करायची असं पेठेनं परस्पर ठरवून टाकलंय. या वेळी नुसत्या औरादची नाही, आसपासच्या गावांनाही सांगणं गेलंय. मला कुणी विचारलं नाही. पोळ्याला बैलाला कुणी विचारतं का?

२१ सप्टेंबर

लोकांना माझी थट्टा करायचा नवा मार्ग सापडलाय. रेवणसिद्धप्पा रोज सकाळी आडतीच्या पायरीवरून विचारतात, तब्येत कशी हाय साहेब, जेवण जायलंय ना? निलम्मांनी शेंगदाण्याचे लाडू पाठवले. पोस्टमास्तरांच्या घरून कोरडा शिधा आला, वर तुपाचा गडू. हेडमास्तरांनी केळी दिली, आणि मी खातो का ते बघत उभे राहिले. जत्रेला न्यायच्या आधी बैलाला पेंड चारतात, तसं.

लाडू मी कचेरीत वाटून टाकले. केळी गाईनं खाल्ली. मालती माझ्या वरणावर आताशा एवढं तूप ओतते की वरण दिसत नाही. मी कसंबसं निभावून नेतो. तिला काही कळलेलं नाही. धोतराची गाठ मात्र पहिल्याहून आत मारावी लागते.

परवा ती निलम्मांबरोबर मोटारीनं संतपूरला जाऊन आली. कमलबाईंना लिंबाच्या लोणच्याची बरणी द्यायची होती. एका बरणीपायी एवढा प्रवास कशाला, म्हटलं, मोईनुद्दीनबरोबर पाठवली असती. म्हणाली, "काही बरण्या आपल्याच हातानं न्याव्या लागतात."

बायकांची लोणच्याबद्दलची मतं मला कधी कळली नाहीत.

२९ सप्टेंबर

काल दसरा झाला. सगळं आठवून लिहितो, कारण काल मी दोनदा खाली आलो.

दुपारीच काट्यापुढं गर्दी झाली. काट्याला आंब्याचं तोरण, पारड्याला झेंडूची माळ. समोर धान्याच्या टोपल्या, पोती. आणि मागं, कचेरीच्या फाटकाशी, संतपूरच्या गाड्या उभ्या. श्रीपतराव पुढच्या गाडीच्या जुवाला टेकून उभे होते. त्यांना बघून मी चकित झालो. धान्य द्यायला आले की बघायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. कमलबाई गाडीतच बसून होत्या, आणि त्यांचा चेहरा मात्र वाचता येत होता.

मी बसलो. या वेळी कोटासकट. लोक घालू लागले. घालता घालता एकदम समोरचं पारडं खाली उतरलं आणि मी वर गेलो. मागल्या वेळच्या मानानं फारच लवकर. पेठेत कुजबूज झाली. रेवणसिद्धप्पांनी काट्याची दांडी धरली, साखळ्या झटकल्या, पुन्हा सोडून पाहिलं.

"काटा खोटा न्हाई," ते म्हणाले. "साहेबच घटल्यात."

रामाचार्यांना मंडळींनी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, तुला म्हणजे समतोल. भारंभार झालं की संपलं. वर घातलं तर ते दान होईल, पण त्याला तुला म्हणता येणार नाही. ते शास्त्राला धरूनच बोलले. पण मागं अजून कितीतरी लोक टोपल्या घेऊन उभे होते. त्यांच्या हातातलं दान कुणाच्या तरी भारंभार निघालं होतं, आणि तो भार तर भरला. काही जणांनी पोत्यांची तोंडं पुन्हा बांधायला घेतली. संतपूरच्या एका गाडीवाल्यानं बैल वळवले. घरून देणगी घेऊन निघालेला माणूस परत फिरला की घरी पोचेपर्यंत त्याला दहा गरजा आठवतात.

हे सगळं मला वरून दिसत होतं. आणि मी अडीच आठवडे पानातून उचललेली भाकरी चिंताकीत कुणाच्याही वाटीत पडली नव्हती, उलट त्यांच्याच वाटीतली कमी झाली होती, हेही तिथंच लख्ख दिसलं. बायकांच्या बाजूला मालती उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

मी उतरायला पाय खाली सोडला. तेव्हा श्रीपतराव जुवापासून हलले आणि गर्दीतून पुढं आले. मला बसा म्हणाले. मग कचेरीकडं हात केला.

"साहेबांचा भार कमी पडायलाय ना? मग ती लेव्हीची दप्तरं आणा आणि ठिवा त्यांच्या मांडीवर. इतकी सालं ती आमच्या उरावर हायत. एकदा तराजूत तरी बघू, किती भरत्यात."

कुणी हसलं नाही. सगळे तहसीलदारसाहेबांकडं बघू लागले. मोईनुद्दीननं आवाज खाली आणून त्यांना अर्थ सांगितला. साहेब रागावतील असं मला वाटलं. त्यांनी श्रीपतरावांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, वळलेल्या बैलांकडं पाहिलं, आणि मोईनुद्दीनला एवढंच म्हणाले, "ले आओ."

लाल फडक्यात बांधलेले उर्दू गठ्ठे, लढाईच्या सालापासूनचे. कितीतरी माझ्याच हातचे. मोईनुद्दीन एक एक आणून माझ्या मांडीवर ठेवत होता, धूळ नाकात जात होती. तिसऱ्या खेपेला तो दमून म्हणाला, "साब, ये तो आपसे भी भारी हैं." तेव्हा मात्र पेठ हसली, आणि साहेबही. गठ्ठे माझ्या हनुवटीपर्यंत आले. मी खाली जमिनीवर आलो आणि समोरचं पारडं पुन्हा वर गेलं.

श्रीपतरावांनी पहिलं पोतं गाडीतून स्वतः उतरवलं, पाठीवर घेतलं, आणि पारड्यात टाकलं. वळवलेले बैल परत वळले. ज्यांनी गाठी मारल्या होत्या त्यांनी सोडल्या.

कुणीतरी रामाचार्यांना विचारलं, हे शास्त्रात बसतं का? त्यांनी डोळे मिटले, विचार केला, आणि म्हणाले की शास्त्रात दप्तरांचा उल्लेख नाही, म्हणजे मनाईही नाही.

पोती इतकी झाली की पारड्यात मावेनात. दोन खेपांत तोलावं लागलं. गाड्या भरल्यावर रेवणसिद्धप्पांनी स्वतः हात देऊन मला उठवलं, पाय सुन्न झाले होते.

सोनं लुटून घरी आलो. मालतीनं पाट मांडला, वाढलं, आणि समोर बसली. मी नेहमीसारखी भाकरी बाजूला सारली तसं ती म्हणाली, "तुम्ही उपाशी राहून चिंताकीत कुणाचं पोट भरायलंय? गाईचं भरायलंय. गाय दोन बोटं वाढलीय. मला दिसत न्हाई व्हय?"

मी सगळं सांगून टाकलं. बैलांची कीव, सिद्धव्वाचं बोलणं, लोकांचं हसणं.

तिनं सारलेली भाकरी परत माझ्या पुढ्यात ठेवली. मग म्हणाली, "लोक तुम्हाला हसत न्हाईत. तुम्ही दिसलाव की हसत्यात."

यात नेमका फरक काय, तो मला नीटसा कळला नाही. पण काल मी पोटभर जेवलो, आणि तिनं वाढताना हात आखडला नाही.

४ ऑक्टोबर

गाड्या घेऊन चिंताकीला निघालो तर मालती लुगडं बदलून, डोक्यावर पदर घेऊन पुढच्या गाडीत जाऊन बसलेली. मला यायचंय, म्हणाली. एवढंच.

धान्य देवळाच्या खोलीत लावून झालं. दिवाळीपर्यंत आता चिंता नाही, मग जवारी आपली आपण येईल. एका गावकऱ्यानं पोत्यांच्या थप्पीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. अंबिलीचा हंडा उकळत होता. आम्हाला निघायचं होतं, तोच सिद्धव्वा दोन वाट्या भरून आमच्याकडं निघाली. अर्ध्या वाटेत तिला काहीतरी आठवलं आणि ती थांबली.

"चुकलं माय," ती म्हणाली. "तुम्हाला आमच्या हातचं चालायचं न्हाई." आणि वाट्या घेऊन वळली.

खरंच होतं ते. आमच्यात दुसऱ्याच्या चुलीवरचं शिजलेलं खात नाहीत. संतपूरला श्रीपतरावांकडं मी पाणी घेतो, तेवढ्यावरूनही रामाचार्य मला बोललेत. आणि मालती माझ्याहून कडक. मोटारीत बसली तर घरी येईपर्यंत घोट पाणी पीत नाही. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो, वेळ झाली वगैरे.

भिंतीच्या सावलीत पोरांची ओळ होती, तिच्या टोकाला जाऊन मालती जमिनीवर मांडी घालून बसली. पदर सावरला आणि हात पुढं केला.

"घाल सिद्धव्वा. ऊन ऊन घाल."

सिद्धव्वा तिथंच उभी. मालतीचा हात तसाच पुढं. मग म्हातारी आली, वाकली, वाटी तिच्या हातात दिली. मालतीनं तोंडाला लावली. मी बघत होतो. सतरा वर्षांच्या संसारात मी तिला परक्या घरी खाताना पाहिलेलं नव्हतं. तिनं वाटी खाली ठेवली ती रिकामी करूनच.

मग तिनं शेजारची जागा हातानं झाडली. मी बसलो. बसायला मला जरा वेळ लागतो. शेजारच्या पोरानं सरकून जागा दिली आणि माझ्याकडं बघून हसलं. का हसलं ते मी या वेळी विचारात घेतलं नाही. दोन वाट्या प्यालो. सिद्धव्वा तिसरी घालायला आली तेव्हा तिनं माझा दंड पुन्हा चाचपला आणि नाराजीनं चुकचुक केली. वाळलास रे अप्पा, म्हणाली, आणि वाटी काठोकाठ भरली.

७ ऑक्टोबर

सकाळी कचेरीच्या वाटेवर रामाचार्य भेटले. मला बघून थांबले, म्हणून मीही थांबलो. चिंताकीला तुम्ही उभयतांनी त्या सिद्धव्वाच्या हातची अंबील खाल्लीत असं कानावर आलं, खरं का, असं त्यांनी विचारलं. बातमीचं मागं एकदा म्हटलंच आहे.

खरं आहे, मी म्हटलं.

त्यांनी काठीचं टोक जमिनीवर दोनदा आपटलं. आता प्रायश्चित्त सांगतील, असं वाटून मी मनाची तयारी केली.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

"बरी होती," मी म्हटलं. "मीठ जरा कमी होतं."

ते पुढं निघून गेले.

संध्याकाळी त्यांच्या घरची मोलकरीण मल्लव्वा आमच्या दारात आली. डोक्यावर मिठाची पाटी होती. चिंताकीच्या गाडीत ठेवा म्हणून सांगितलंय, ती म्हणाली, आणि कुणी दिलं ते विचारू नका म्हणूनही.